बागेतल्या खोलीतले १४ दिवस

२० मार्च २०२०, शुक्रवार. संध्याकाळी पाचच्या सुमारास पुण्यातनं गाडी काढली. ऑफिसनं आदल्या दिवशीच घरून काम करा म्हणून सांगितलेलं, मेस बंद झालेली, रूमवरचे दोघं आधीच गावाला गेलेले. ९ मार्चला पुण्यात पहिला पेशंट सापडल्यापासून आईचा रोज फोन, ये म्हणून. पण खरं सांगायचं तर मी निघालो ते बागेसाठी. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात सावळजच्या बाजूला आमची दीड एकर द्राक्षबाग, माल तयार होऊन लटकत होता आणि २४ तारखेपासून काढणी ठरलेली. व्यापाऱ्यानं विसार दिलेला, चार किलोच्या पेटीला दीडशे रुपये दर पक्का झालेला. आप्पा, म्हणजे वडील, एकटे पडतात दरवर्षी, म्हटलं चार दिवस हाताशी येईन.

कराडला चहाला थांबलो तिथं मात्र डोक्यात आलं की घरात जायचं कसं. आप्पांना बारा वर्षांपासून शुगर, आज्जी चौऱ्याऐंशीची. पुण्यात मी रोज दोनशे माणसांच्या ऑफिसात बसणारा, लिफ्टनं वरखाली करणारा. तिथनंच फोन लावला, म्हटलं आई मी घरात येत नाही, थेट मळ्यातल्या खोलीवर जातो, तिथं एक कॉट आणि माठ ठेव आणि मी पोचायच्या आत घरी जा. आई काही बोलेना. मग आप्पांनी फोन घेतला, एवढंच म्हणाले, "ये, किल्ली हौदाच्या कठड्याखाली ठेवतो."

खोली म्हणजे औषधांची खोली. एका भिंतीला ब्लोअर, गंधकाच्या पिशव्या, मोरचुदाचं पोतं, रिकामे कॅन. वर पत्रा. रात्री गार आणि दुपारी बाराच्या पुढं आत उभं राहवत नव्हतं. पहिल्या रात्री सगळी औषधं ओढून बाहेर छपराखाली नेली, फरशी दोनदा धुतली तरी तो वास काय गेला नाही, अजून कुठं बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा) वास आला की मला ते १४ दिवसच आठवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच आशाताईंना, म्हणजे गावातल्या आशा सेविकेला, फोन केला. ग्रामपंचायतीनं स्पीकर फिरवलेला की पुण्या-मुंबईवरनं आलेल्यांनी नाव नोंदवायचं, १४ दिवस घराबाहेर पडायचं नाही. ताई बांधावर उभ्या राहिल्या, तोंडाला साधा रुमाल, हातात वही. कुठनं आला, कधी आला, ताप आहे का, खोकला, दम लागतो का, कुणा परदेशातनं आलेल्याच्या जवळ होता का. मग नियम सांगितले. ताट-वाटी वेगळी, आपली आपण धुवायची, कपडे गरम पाण्यात भिजवायचे, विहिरीवर जायचं नाही, पाणी कुणीतरी आणून ठेवील, तो माणूस लांब गेला की मगच घ्यायचं. मी विचारलं, बागेत फिरलो तर चालेल का. म्हणाल्या, कुणी नसताना फिरा, पण माल काढायचा नाही, क्रेटला हात लावायचा नाही, कात्री धरायची नाही. तेव्हा मला ते काही अवघड वाटलं नाही.

डब्याची सोय आईनं लावली. खोलीपासून पन्नास-साठ पावलांवर हौद आहे, त्याच्या कठड्यावर सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला डबा यायचा. आई ठेवायची, मागं सरून चिंचेखाली उभी राहायची, मी येऊन घ्यायचो. तिथनंच बोलणं. भाजीत मीठ झालंय का, झोप लागली का, अंग गरम वाटतंय का. दोन दिवसांनी आज्जीही यायला लागली काठी टेकत टेकत. मला वाटलेलं तिला हे काही समजणार नाही, रडेल, जवळ येईल. तर ती चिंचेखाली बसून म्हणाली, "बरं केलंस बाबा. माझी सासू सांगायची, पिलेगात समदं गाव रिकामं करून माळावर खोपटी घालून ऱ्हायची लोकं. उंदीर पडला की निघायचं. जी घरं सोडंनात त्यांच्यात दिवा लावायला माणूस उरला न्हाय." घरात सगळ्यात आधी हे कुणाला समजलं असेल तर आज्जीला.

२२ तारखेला रविवारी जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाचला गावातनं थाळ्यांचा आवाज मळ्यापर्यंत आला. सोमवारी बातमी आली की इस्लामपुरात चौघं पॉझिटिव्ह निघाले. तोपर्यंत हा रोग टीव्हीतला होता, आता आपल्या जिल्ह्यात आला. त्याच दिवशी राज्यात संचारबंदी लागली. इस्लामपूर नंतर पूर्ण सील केलं, महिना संपेपर्यंत तिथला आकडा पंचविसावर गेला, आणि आमच्याकडं लोक एकमेकांकडं संशयानं बघायला लागले. (तिथले बहुतेक सगळे मिरजेच्या सिव्हिलमध्ये बरे होऊन एप्रिलमध्ये घरी गेले, पण ते नंतर. त्या आठवड्यात कुणालाच माहीत नव्हतं काय होणार.)

मंगळवारी २४ ला सकाळी काढणी सुरू व्हायची होती. व्यापाऱ्याचा फोन बंद. आप्पांनी दहा वेळा लावला. दुपारी कळलं की तो रात्रीच गाडी करून त्याच्या राज्यात निघून गेला, दिल्ली-कोलकात्याच्या मार्केटला माल जात नाहीय, पुढचे पैसे पण अडकलेत. रात्री आठला मोदींनी २१ दिवसांचा लॉकडाऊन सांगितला. मी खोलीच्या दारात मोबाईलवर बघत होतो आणि समोर मांडवाखाली चौदा टन माल लटकत होता. चौदा टन हा आप्पांचा अंदाज, आणि त्यांचा अंदाज शे-दोनशे किलोच्या वर चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. आमच्या घराची गुढी मळ्यातनं दिसत नाही पण आईनं काय केलं, गच्चीवरच्या टाकीला बांबू बांधून उंच उभी केली, मला दिसावी म्हणून. लांबनं नुसता हिरवा खण आणि तांब्याची चकाकी दिसत होती. कठड्यावर पुरणपोळी आणि कडुनिंबाचा पाला ठेवलेला. तो पाडवा मी विसरणार नाही.

आता जरा बागेचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खायचं द्राक्ष आणि बेदाण्याचं द्राक्ष यात फरक असतो. खायच्या द्राक्षाला मणी मोठा व्हावा म्हणून जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं औषध) जास्त दिलेलं असतं, त्यामुळं मण्यात पाणी जास्त, गोडी त्या मानानं कमी. बेदाण्याला साखर बावीस-चोवीसच्या पुढं लागते, तरच वजन आणि रंग मिळतो. म्हणजे आमचा माल बेदाण्यासाठी पिकवलेलाच नव्हता. पण पर्याय काय, मार्केट बंद, गावात हातगाड्यावर वीस रुपये किलोनं सुद्धा किती विकणार, आणि द्राक्ष काय कांद्यासारखं ठेवता येत नाही. २६ ला आप्पांनी ठरवलं, बेदाणा करायचा. माल आणखी चार-पाच दिवस वेलीवर ठेवायचा, साखर चढू द्यायची आणि तोवर बेदाणा वाळवायचं शेड बघायचं. आणि अख्ख्या तालुक्यानं त्याच दिवशी तेच ठरवलं.

इथं मला काम मिळालं. हात लावायला बंदी होती पण फोनला नव्हती. तीन दिवस मी सतत फोनवर. ज्याच्या-त्याच्या शेडला रांग. शेवटी शेजारच्या गावातल्या एका शेडवाल्यानं ३० तारखेचा नंबर दिला, म्हणाला तीन दिवसांत रॅक भरायचे, नाहीतर पुढच्याला देणार. मग गाडीचा पास. २७ तारखेला केंद्रानं शेतीची कामं, शेतमजूर, शेतमालाची वाहतूक यांना सूट दिलेली, पण रस्त्यावर अडवणाऱ्याला ते माहीत पाहिजे ना. ग्रामपंचायतीचा दाखला, सातबारा, आधार, टेम्पोचं आरसी, ड्रायव्हरचं लायसन्स, सगळ्याचे फोटो काढून पाठवायचे. एका ऑफिसातनं दोनदा परत आलं, एकदा फोटो पुसट म्हणून आणि एकदा कारण न सांगता. शेवटी आमच्या कृषी सहाय्यकांनी स्वतः पाठपुरावा केला आणि २९ ला दुपारी पास आला. मी खोलीतनं ओरडून आप्पांना सांगितलं, आप्पांनी लांबनंच हात वर केला.

आणि त्याच संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला की आमच्या बिल्डिंगमधला एकजण पॉझिटिव्ह आहे, दुबईवरनं आलेला, १६ ते १८ मार्च ऑफिसला येत होता. वेगळा मजला. पण कॅन्टीन एकच, लिफ्ट एकच.

मी अर्धा तास कॉटवर नुसता बसून होतो. मला काहीच त्रास नव्हता. नववा दिवस होता. सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. आणि सांगितलं तर उद्या सकाळी काढणीला येणाऱ्या बारा बायका येतील का, हा प्रश्न होता. शेडचा नंबर उद्याचाच. आप्पांना विचारावं असंही वाटलं, पण मग तो निर्णय त्यांच्या डोक्यावर टाकल्यासारखं झालं असतं. आशाताईंना फोन केला आणि आहे तसं सांगितलं. ताईंनी नीट विचारून घेतलं, त्याच्याजवळ बसला होता का, बोलला होता का, किती वेळ. मग आरोग्य केंद्रात डॉक्टरांशी बोलल्या. तेव्हा टेस्ट सरसकट कुणाची करत नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं लक्षणं नाहीत, थेट संपर्क नाही, १४ दिवस पूर्ण करू दे, रोज दोनदा ताप बघा आणि घरच्यांनी अजिबात जवळ जायचं नाही.

ताई कुणाला काही बोलल्या नाहीत, मला खात्री आहे. पण गावात गोष्ट पोचायची ती पोचतेच. ३० ला सकाळी सातला बारातल्या एकीनंही पाऊल टाकलं नाही.

त्या दिवशीचं चित्र असं. आप्पा आणि आई, दोघंच बागेत. एक ओळ धरलेली. आप्पा कात्रीनं घड उतरवतायत, आई क्रेटमध्ये लावतीय. क्रेट भरला की वीस किलो होतो. तो आप्पा दोन हातांनी पोटाला लावून ओळीच्या टोकापर्यंत नेतायत, ठेवतायत, कमरेवर हात ठेवून थांबतायत, परत जातायत. खोलीच्या दारापासनं शंभर फुटांवर. माझं वय तेव्हा एकोणतीस, हातपाय धडधाकट, आणि मी दारात उभा. अकरा वाजता राहवलं नाही, मी चार पावलं पुढं गेलो तर आप्पांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "माघारी जा." ओरडले नाहीत. पण त्या आवाजाला मी परत फिरलो आणि आत जाऊन दार लावून घेतलं, बघायचंच नाही म्हणून. मग कानावर क्रेट ठेवल्याचा आवाज येत राहिला. ज्या नियमानं मी आप्पांना जपत होतो त्याच नियमानं आप्पांना त्या उन्हात एकटं पाडलं होतं. नियम चुकीचा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण नियम पाळणं म्हणजे नुसतं घरात बसणं असं जे म्हणतात ना, त्यांना तो क्रेटचा आवाज ऐकवावासा वाटतो.

दुपारी आशाताई वस्तीवर गेल्या. त्या बायकांबरोबर बसल्या, म्हणजे लांब लांब बसवून बोलल्या. नंतर आईनं सांगितलं काय बोलल्या ते. की त्या पोरानं स्वतःहून सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं, तो बागेत पाय ठेवत नाही, मी रोज बघतीय, आणि आज तुम्ही त्याला असं वागवलं तर उद्या तुमचा पोरगा मुंबईवरनं आला की तो लपवील. हे शेवटचं सगळ्यांना लागलं, कारण त्या बारा घरांतल्या निम्म्यांची पोरं मुंबईला.

३१ ला सकाळी सहा बायका आल्या. आणि त्यांच्याबरोबर शेजारच्या दोन मळ्यातली माणसं आली, सावडीनं. मजुरी नाही, आज तुमच्यात, परवा आमच्यात. शेडवाल्याला आप्पांनी हात जोडून आणखी थोडे दिवस मागून घेतले. कामाची पद्धत आईनं ठरवली, एका ओळीआड एक बाई, तोंडाला पदर नाहीतर रुमाल, ओळीच्या दोन्ही टोकांना बादली आणि लाईफबॉय, पाणी ज्याचं त्यानं घरनं आणायचं, जेवायला गोल करून बसायचं नाही. पहिल्या तासाला सगळ्या विसरत होत्या, भाकरी मोडून एकमेकींना द्यायची सवय जात नाही. आई कडक. मी खोलीतनं वजनाचा हिशेब लिहीत होतो, टेम्पोवाला क्रेटचे आकडे ओरडून सांगायचा.

शेजारच्या गावाच्या वेशीवर वेडी बाभळ तोडून रस्ता बंद केलेला, पोरं खुर्च्या टाकून राखणीला. पास दाखवला, गाडी नंबर वहीत लिहिला, टेम्पोच्या चाकांवर फवारा मारला, मग फांदी ओढून वाट दिली. प्रत्येक खेपेला हेच. काही लोक म्हणतात पोरांनी दादागिरी केली, कुठं केलीही असेल, आमच्या वाट्याला आलेली पोरं समजूतदार होती, तिसऱ्या खेपेपासनं लांबनं गाडी दिसली की फांदी ओढून तयार.

३ एप्रिलला माझे १४ दिवस पूर्ण झाले. ताप एकदाही नाही, खोकला नाही. ताईंनी वहीत सही केली. मला तो आजार होऊन गेला, का झालाच नव्हता, ते आता कधीच कळणार नाही. ४ तारखेला पहाटे डोक्यावरनं आंघोळ केली आणि थेट शेडवर गेलो, कारण शेवटचे दीड टन रॅकवर चढायचे राहिलेले.

ज्यांनी बेदाणा होताना बघितला नाही त्यांच्यासाठी. मोठ्या टाकीत पाणी, लिटरला पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि पंधरा मिली डिपिंग ऑइल. पाणी दुधासारखं होतं. भोकाच्या क्रेटमध्ये घड घेऊन दोन-चार मिनिटं बुडवायचे, उचलायचे, निथळायचे आणि शेडमधल्या रॅकच्या जाळीवर पसरायचे. एकावर एक दहा-अकरा थर. त्या पाण्यानं मण्यावरचा मेणाचा पातळ थर सुटतो आणि आतलं पाणी लवकर उडतं, नाहीतर द्राक्ष वाळायच्या आधी नासेल. घड हातात घेतला की सुळसुळीत लागतो. पंधरा दिवस मी ज्याच्याकडं फक्त बघत होतो तो माल पहिल्यांदा हातात आला. आप्पा शेजारच्या रॅकला होते. दोघांच्या तोंडाला रुमाल. दिवसभरात आम्ही फारसं बोललो नाही, त्यांनी मी पसरलेले घड दोनदा हातानं सारखे केले, पातळ पसर, मध्ये हवा खेळली पाहिजे, एवढंच.

५ तारखेला रात्री नऊला दिवे लावायचे होते, तेव्हा आम्ही शेडवरच. शेडवाल्याच्या बायकोनं दोन पणत्या रॅकच्या कडेला ठेवल्या. लाईट बंद केली तर काय दिसावं, पणतीच्या उजेडात जाळीवरचे मणी नुसते चमकत होते, हिरवे, थरावर थर, वर पत्र्यापर्यंत.

मग अठरा-एकोणीस दिवस नुसतं आभाळाकडं बघणं. या दिवसांत पाऊस झाला, हवा दमट झाली की बेदाणा काळा पडतो, पाव दर सुद्धा मिळत नाही. दोनदा ढग आले, आप्पा रात्रीचे उठून शेडवर जाऊन पडदे बघून आले. २३ एप्रिलला रॅक झाडले. चौदातला बारा टन माल शेडवर पोचलेला, त्याचा दोन हजार आठशे चाळीस किलो बेदाणा निघाला. चांगल्या बागेला चाराला एक पडतो, आमचा जरा कमी, पाणीदार माल होता त्यामुळं. रंग मात्र हिरवा आला. पंधरा किलोच्या पेट्या भरून कोल्ड स्टोरेजला टाकल्या, कारण तासगावचे सौदे, म्हणजे बेदाण्याचे लिलाव, तेव्हा बंद होते. पुढं सौदे सुरू झाल्यावर किलोला एकशे अठरा रुपये मिळाले. शेडचं भाडं, मजुरी, तेल-पावडर, स्टोरेज जाऊन औषध दुकानाची उधारी फिटली. सोसायटीचं कर्ज निम्मं राहिलं. ज्यांनी वेळेत शेड मिळालं नाही म्हणून बाग तशीच सोडली, घड खाली पाडून बांधाला ओतले, ती माणसं आमच्याच रस्त्याला आहेत, त्यांच्यापुढं आम्ही तक्रार करू शकत नाही.

त्यातला एक बॉक्स आईनं घरी ठेवला. पावशेर-पावशेराच्या पुड्या बांधून त्या सगळ्या बायकांना दिल्या, जे सावडीला आले त्यांना दिल्या, वेशीवरच्या पोरांना एक किलो. आशाताई घेईनात, म्हणाल्या ड्युटी होती. आई त्यांच्या पिशवीत टाकूनच आली. त्या बाईनं त्या उन्हाळ्यात अख्खं गाव पायी फिरून रोज दारं मोजली, सुरुवातीला तर साधा मास्कसुद्धा नव्हता त्यांच्याकडं, त्या रुमालाचं मला आजही वाईट वाटतं.

माल काढायला उशीर झाला म्हणून खरड छाटणीही (माल निघाल्यावरची उन्हाळी छाटणी) मागं पडलेली, ती एप्रिलच्या शेवटाला धरली. मजूर कमी, म्हणून आप्पा आणि मी दोघंच. मी आपला सवयीनं दोन ओळी सोडून पलीकडं चाललो होतो, कात्री चालवत. अर्धी ओळ झाल्यावर आप्पांनी हाक मारली.

"एवढ्या लांबनं का चाललायस? हिकडंच्या सरीला ये."

मी दोन मांडव वाकून ओलांडले आणि त्यांच्या शेजारच्या ओळीला लागलो.